देवीचे खड्डे

ही गोष्ट सांगायचं मी तीन वर्षं टाळत आलो. गोष्ट लहानशी आहे, पण तोंडातून निघत नाही.

माझी नात मुखेडहून लातूरला क्लाससाठी गेली आणि दिवाळीला परत आली, तेव्हा तिचे दोन्ही गाल मुरुमांनी भरले होते. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "पुस्तकात लक्ष नसलं की तोंडावर असं फुटतं." सून म्हणाली, "मामा, गरम खाण्यानं झालंय." नातीनं ताटातले शेंगदाणे बाजूला सारले.

मग मी माझी नायट्याची ट्यूब तिला दिली. चार दिवसांत गाल साफ! मी गल्लीभर सांगत सुटलो. ट्यूब संपली की दुसरी मीच पाठवायचो. दोन-तीन महिन्यांनी गाल पुन्हा पेटले, पहिल्यापेक्षा वाईट. गुण आलेलं औषध उलटलं कसं, मला काही उमगेना.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. या वयात हार्मोन्स वाढतात, कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं सूज तेवढी वरवर दबली होती, रोज लावून मुरुमं उलट वाढली. "पोरीचा यात काही दोष नाही. घरात कुणाला होतं का असं? बऱ्याचदा घराण्यातून येतं."

नातीनं माझ्याकडं पाहिलं. "आजोबा, तुमच्या दाढीखाली खड्डे हायत की."

"ते देवीचे," मी म्हणालो.

मला देवी कधी आल्याच नव्हत्या. सतराव्या वर्षी माझेही गाल असेच फुटले होते. सोयरीक जुळवताना आईनं पाहुण्यांना देवीचं सांगितलं, कारण देवीच्या खड्ड्यांना कुणी नावं ठेवत नाही. पन्नास वर्षं तेच सांगून मलाही ते खरं वाटू लागलं होतं. की त्या दिवशी मी जाणूनबुजून खोटं बोललो? अजून मला ठरवता येत नाही.

दवाखान्याबाहेर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात मलाच."

औषधांनी मुरुमं गेली, थोडे खड्डे राहिले. ती आता लातूरलाच कॉलेजात आहे. मी डबा घेऊन जातो, हॉस्टेलच्या फाटकाशी घुटमळतो.

"काय म्हणायलाव आजोबा?"

"काही न्हाई. एसटी चुकंल."

परतीच्या एसटीत अहमदपूर येईस्तोवर वाक्य तयार होतं, तेव्हा ऐकायला ती नसते: बाळ, ते खड्डे देवीचे नव्हते, मुरुमांचेच होते. तुला ते माझ्याकडून आले, आणि बोल मात्र मी तुलाच लावला. मला माफ कर.