धक्क्याला पाणी लागेल त्या दिवशी

शांतीबाई आमच्या पनवेलच्या घरी बारा वर्षं मासे घेऊन येत होत्या. पायरीवर पाटी टेकवायच्या, आईशी भाव करायच्या आणि भाव जमला की वर दोन बोंबील जास्तीचे टाकायच्या. सत्त्याऐंशी साली त्या यायच्या थांबल्या. महिन्याभराने त्यांच्याऐवजी त्यांचे यजमान दारात उभे राहिले. काळेसावळे, उंच, पण पाटी कशी उतरवावी हे न कळणारे.

"घरवाली नाय का आली?" आईने विचारलं.

"करंज्याला हाय. लेकीकडं." एवढंच बोलून बुधाजीमामा पाटीतले मासे उगाच वर-खाली करत बसले.

बुधाजीमामा टोकपाड्याचे. उलव्याच्या पलीकडे खाडीत शिरलेली पन्नास-साठ घरांची ती कोळीवाडी. तिथे आधी जुनं बंदर होतं, म्हणजे नुसता उतार आणि दगडांची रांग. पण ओहोटीलाही तिथे पाणी टिकायचं आणि होड्या थेट घराशी लागायच्या. मग सरकारने धक्का मंजूर केला. तो बांधला गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारण खडीचे ट्रक तिथवर नेणं सोयीचं होतं. ट्रकसाठी भराव टाकून रस्ता झाला, भरावाने पाण्याची वाट अडली आणि दोन वर्षांत जुनं बंदर गाळाने भरून गेलं. नव्या धक्क्याला पाणी फक्त भरतीला लागे. ओहोटीला होड्या लांब उभ्या करायच्या आणि म्हावरं, म्हणजे मासळी, डोक्यावर घेऊन फर्लांगभर चिखलातून बायकांनी चालायचं.

त्या चिखलात शांतीबाई भरल्या पाटीसकट पडल्या. गुडघा मोडला आणि वाकडाच जुळला. लेक गोदू त्यांना महिनाभरासाठी करंज्याला घेऊन गेली. उरणजवळच्या करंज्याचं बंदर मोठं, होड्या दाराशी. शांतीबाई तिथे बसल्या जागी म्हावरं निवडू लागल्या आणि चार पैसे कमावू लागल्या. महिन्याने बुधाजीमामा आणायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तितं येऊन मी काय करू? चिखलात पाय टाकवत नाय आनि बसून खायला मना जमनार नाय. धक्क्याला पानी लागंल त्या दिवशी बोलवा. त्याच दिवशी येते."

हे मला मामांनी हळूहळू, तीन-चार खेपांत सांगितलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, जाळी रिकामी येतात. ते दोन-तीन दिवस मामा करंज्याला जायचे. दर पंधरवड्याला. परत आले की आमच्या पायरीवर बसून तिथलं सांगायचे, गोदूच्या मुलीचं, शांतीबाईंच्या गुडघ्याचं.

मी तेव्हा विधान भवनात लघुलेखिका होते. सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांची एक समिती असते. तिच्या बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून घ्यायचं, हे माझं काम. रोज पहाटेची एसटी पकडून मुंबई गाठायची आणि दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहायचं. मामांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे एकदम मोठे झाले.

"मंग आमचा धक्का तितं सांगा की ताई!"

"मामा, मी तिथे लिहिते. बोलायची मला परवानगी नाही."

"येक शब्दबी नाय?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, पण पुढच्या दोन खेपांना पायरीवर बसले नाहीत.

एक्याण्णव साली टोकपाड्याचा धक्का आपल्या पायांनी समितीपुढे आला. जिल्ह्यातल्या धक्क्यांवरचा खर्च आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर यांवर लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला होता आणि समितीने जागेवर जाऊन बघायचं ठरवलं. दौऱ्याचा कार्यक्रम मीच टाइप केला. टोकपाडा, पौर्णिमा, दुपारी पावणेबारा. त्या आठवड्यात मामा आले तेव्हा मी आनंदाने सांगून टाकलं.

"ताई, ह्यो टायम कोनी लावला?"

"धक्का बांधणाऱ्या खात्याने कळवलाय. का?"

"पुनवेला बारा वाजता उधानाची भरती. त्या वक्ताला आमच्या उंबऱ्याशीबी पानी येतं. त्यांना धक्का बुडंस्तवर पानी दिसंल."

मी तो कागद टाइप केला होता आणि माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कक्ष अधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कुमुदताई, कार्यक्रम अध्यक्षांनी मंजूर केलाय. आपण कोण बदलणारे?"

पौर्णिमेला अगदी तसंच झालं. धक्का पाण्याने भरून गेला होता, त्याला पाच होड्या पताका लावून बांधल्या होत्या आणि कार्यकारी अभियंता हातात नकाशा धरून उभे होते. "पाहा साहेब, पूर्ण वापर सुरू आहे." अध्यक्षांनी मान डोलावली, फोटो निघाले. वीस मिनिटांत सगळे गाड्यांकडे वळले. पनवेलच्या विश्रामगृहात जेवण तयार होतं.

तेवढ्यात बुधाजीमामा पुढे आले. धुतलेला सदरा, हात जोडलेले.

"सायेब, धक्का हाय. आमी कवा नाय म्हनलो? पन तुमी चार घंटं थांबा."

"चार तास? कशासाठी?" अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"पानी जाईल."

कोणीतरी हसलं. समितीत भगवानराव नावाचे विदर्भातले एक वयस्क आमदार होते. बैठकीत ते फारसं बोलत नसत. ते गाडीत चढता चढता थांबले आणि त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "जाईल म्हणजे? हे एवढं पाणी जातं कुठे?"

"समुद्रात जातं सायेब. रोज दोनदा."

"मी उभ्या जन्मात समुद्र तीनदा पाहिला," भगवानराव म्हणाले, "आणि तीनही वेळा तो जागेवरच होता. तुम्ही व्हा पुढे, मी थांबतो. टिपण घ्यायला या बाई असू द्या." अभियंत्यांनाही मग थांबावं लागलं.

आम्ही धक्क्यावर बसलो. मामांच्या शेजारणीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली. भगवानरावांना तिखट झेपेना, पण भाकरी त्यांनी टाकली नाही. तास गेला. पाणी आधी हललंच नाही. मग खांबावर एक ओली रेघ उमटली आणि पाणी तिच्याखाली सरकू लागलं. तीन वाजेपर्यंत पताकावाल्या होड्या तिरक्या झाल्या होत्या. साडेतीनला त्या गाळात बसल्या. चारला समोर नुसता करडा, चमकणारा चिखल होता आणि पाण्याची रेघ पार लांब, झाडीच्या टोकाशी.

भगवानरावांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून चिखलात पाय टाकला. गुडघ्यापर्यंत आत गेले. मामांनी काखेत हात घालून धरलं.

"लिहा बाई," ते तिथूनच ओरडले. "समितीच्या सदस्यांनी स्वतः चालून पाहिलं. सात पावलं. पुढे जाता आलं नाही."

अभियंता नकाशाची घडी घालत होते. ती नीट बसत नव्हती.

वर आल्यावर पाय धूत भगवानरावांनी विचारलं, "तुमचं किती नुकसान झालं, बुधाजी?"

मामा म्हणाले, "माजी बायको गेली, सायेब."

"अरेरे. कधी वारली?"

"वारली नाय. करंज्याला हाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं, एकही शब्द न गाळता. माझा हात सफाईने चालत होता, पण अक्षरं मला नीट दिसत नव्हती.

अहवाल त्र्याण्णवमध्ये सभागृहात आला. धक्क्याची जागा चुकली, तो खोल पाण्यापर्यंत वाढवावा आणि भरावाखालून पाण्याला वाट द्यावी, अशी शिफारस होती. सात पावलं त्यात होती. शांतीबाईंचा भाग मात्र विषयाला धरून नाही म्हणून कच्च्या मसुद्यातूनच वगळला गेला. छापील अहवाल मी मामांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "तिचं नाव नाय का त्यात?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं हाय. तिला आवडलं नसतं."

पुढची तीन वर्षं दर अधिवेशनात खात्याचं उत्तर यायचं, कार्यवाही सुरू आहे. मामा दर पंधरवड्याला विचारायचे आणि मी तेच वाक्य त्यांना सांगायचे. शेवटी शहाण्णवमध्ये धक्का वाढला. मागितला होता त्याच्या निम्मा. भरावाखालची वाट झालीच नाही. तरी अर्ध्या ओहोटीपर्यंत पाणी लागू लागलं.

मामा स्वतःची होडी घेऊन, मोरा बंदराला वळसा घालून करंज्याला गेले. रविवार होता, मी मुद्दाम टोकपाड्याला गेले. दुपारी होडी आली. शांतीबाई पुढच्या फळीवर बसल्या होत्या, हिरवं नेसून. होडी धक्क्याला लागली, मामांनी हात दिला आणि नऊ वर्षांनी त्या कोरड्या पायाने घरी आल्या. गावातल्या बायकांनी ओवाळलं. मामा मात्र होडीतच थांबले होते, दोरी बांधायचं निमित्त करून.

पंधरा दिवस त्या राहिल्या. एव्हाना गावातल्या एकोणीस होड्यांपैकी चारच उरल्या होत्या. तरणी पोरं जवळच्या नव्या मालवाहू बंदरात कंटेनरच्या कामाला लागली होती. शांतीबाई रोज सकाळी धक्क्यावर पाट घेऊन बसायच्या आणि तासाभरात त्यांचं काम संपून जायचं. सोळाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "धक्क्याला पानी हाय. पन पाटी भरंल येवडं म्हावरं कुटं हाय? तितं गोदूची पोर माजी वाट बगते." मामांनी वाद घातला नाही. त्याच होडीतून सोडून आले.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ते मला पनवेलच्या एसटी स्टँडवर दिसले, उरणच्या गाडीची वाट बघत. भांगाचे दिवस होते. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"मामा, आता तुम्हीच का नाही तिकडे राहत?"

"ऱ्हायलो मी आठ दिस. दर्याचा आवाज मोटा. आमची खाडी बोलतबी नाय. झोपच लागंना." त्यांनी गाडी येते का ते पाहिलं. "आनि कोनतरी हितं पायजे ना. ती म्हनाली येते, आनि घराला कुलूप आसलं, तर?"

त्यांच्या पायाशी ओल्या गोणपाटाची पिशवी होती. आत खेकडे वळवळत होते.

"चिंबोऱ्या," ते म्हणाले. "आपल्या खाडीच्या. तितं म्हावऱ्याचा डोंगर आसतो तिच्यापुडं, पन ह्या नाय मिळत."

गाडी लागली. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, कुणाचा धक्का लागू नये म्हणून छातीशी धरली आणि पायरी चढून खिडकीजवळची जागा शोधू लागले.