बसमधल्या घरातलं वर्षश्राद्ध

सत्तरचं दशक संपत आलेलं. शिरवण्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी रस्ता होत होता आणि आम्ही एका बसमध्ये राहायचो. थट्टा नाही, खरंच बसमध्ये. नवरा कंत्राटदाराकडे सुपरवायझर. कंत्राटदाराने भंगारातली बस घेऊन सीटा उपटून काढलेल्या. मागे फळ्यांचा पलंग, पुढे ड्रायव्हरच्या जागी माझा स्टोव्ह. काम पुढे सरकलं की ट्रॅक्टर लावून घरही पुढे ओढायचे. माहेरच्या पत्रात पत्ता काय लिहायचा, माझं कपाळ?

घरात नवरा, मी आणि सासरे. शिवाय एक तांबडा कुत्रा, तो सासूबाईंचा. त्या गेल्यावर सासऱ्यांनी कोकणातलं घर बंद केलं आणि एक ट्रंक नि हा कुत्रा घेऊन आमच्याकडे आले. माणसांशी दिवसाला चार शब्द, पण कुत्र्याशी बोलणं अखंड. "चप्पल चावू नको, ती रागवायची ना?" मला आधी हसू यायचं. मग एकदा त्याला थोपटता थोपटता ते रडताना दिसले आणि माझं हसणं बंदच झालं.

डोंगरात बिबट्या होता. गावातली एक म्हातारी मासळी घेऊन यायची, तिने पहिल्याच दिवशी मला झापलं. "खरकटा भायेर टाकू नको बाय. आनि दिवा लागायचे आधी कुत्रा आत घे. वाघाचा डोला कुत्र्याव हाय." तेव्हापासून मी हवालदारच झाले. खरकटं लांब खड्ड्यात पुरायचं, सुके बोंबील टपावर वाळवायचे नाहीत, खाली उतरण्याआधी दारावर थाळी बडवायची. आणि ऊन कलायला लागलं की कुत्रा आत. नवरा चिडवायचा, "तुझ्या भीतीने बिबट्याच गाव सोडेल बघ."

मग सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं. वडे, खीर, भाजी, सगळं त्या स्टोव्हवर केलं. दुपारी केळीच्या पानावर वाढून ते खडीच्या ढिगावर नेऊन ठेवलं. कुत्र्याने तोंड घालू नये म्हणून त्याला मी बसच्या मागच्या चाकाला सुंभाने बांधलं, चांगली दोन गाठींनी. कावळ्याने पान शिवल्याशिवाय आम्हीही जेवणार नव्हतो.

कावळे होते, पण लांब बाभळीवर. शिवायला एक तयार होईना. तीन वाजले, चार वाजले. सासरे हात जोडून ढिगाशी उभे. "गावचं घर पडू देणार नाही गं," म्हणाले. कावळा ढिम्म. "पोरांना त्रास देणार नाही." तरी नाही. नवरा भुकेने कावलेला, म्हणाला, "दर्भाचा कावळा करून लावू आणि मोकळे होऊ." सासरे त्याच्यावर भडकलेच. ऊन उतरायला लागलं. शेवटी सासरे अगदी हळू म्हणाले, "तुझ्या कुत्र्याला मी अंतर देणार नाही. शेवटपर्यंत सांभाळीन." आणि खरं सांगते, एक कावळा उतरला नि त्याने वडा उचलला.

काय तो आनंद! सासरे लहान मुलासारखे हसले, डोळे पुसत बसमध्ये चढले. नवरा मागे सतरंजी अंथरत होता. मी पानं मांडत होते. सासरे म्हणाले, "सूनबाई, आधी त्याला सोड गं."

"हो आबा, एवढं वाढते नि सोडते."

वाढलं. खीर गरम केली. नवऱ्याने आणखी वडे मागितले. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं, मीही बसले. वर्षभरात पहिल्यांदा सासरे पोटभर जेवत होते, सासूबाईंच्या गोष्टी सांगत होते, आणि आम्ही हसत होतो. बाहेर अंधारायला लागलेलं माझ्या लक्षातच आलं नाही.

कुत्रा एकदाच ओरडला. नवरा पहार घेऊन धावला तोवर चाकाशी तुटलेला सुंभ होता आणि खडीवर रक्त. मोकळा असता तर निदान पळाला असता, बसखाली शिरला असता.

सासरे तो सुंभ हातात घेऊन पायरीवर बसले. मला वाटलं, आता बोलतील, मारतीलसुद्धा. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चुकलं माझं. जेवणाच्या नादात तुला सांगायलाच विसरलो."

आबा, तुम्ही सांगितलं होतं. हे तेव्हाच म्हणायचं होतं. उद्या सांगू म्हटलं. पुढे वाशीला फ्लॅट मिळाला, आठेक वर्षं गेली, आणि मी सांगितलं नाही.

शेवटच्या दुखण्यात ते सारखं तेच घेऊन बसायचे. "तिला शब्द दिला नि त्याच दिवशी मोडला. आता तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? पोरी, मी तुला सांगायला हवं होतं."

आणि मी मेलीने त्यांच्या हातावरून हात फिरवत म्हटलं, "जाऊ दे हो आबा. माणूस आहे, विसरतो."