हेंद्रेच्या मॅरेडची शीळ

गेथिनचं शेत आणि मॅरेडचं हेंद्रे नावाचं शेत यांच्यामध्ये फक्त एक ओढा होता, तरी तिला आपण ओळखत होतो असं तो कधी छातीठोकपणे म्हणू शकला नाही. तिचं लग्न का मोडलं, चॅपेलमध्ये ती डोळे मिटून देवाशी बोलायची की डुलकी काढायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती फक्त तिची शीळ. दातांमागे जीभ दाबून ती शीळ घालायची, आणि समोरच्या डोंगरावरचे कावळे उडायचे.

शीळ होती ती फ्लॉससाठी. ही काळीपांढरी कुत्री पिल्लू असल्यापासून जे हलेल ते वळायला धावायची. मेंढरं नसली तर कोंबड्या, कोंबड्या नसल्या तर माणसं. एका रविवारी तिने चॅपेलमधून बाहेर पडलेल्या सगळ्या भाविकांना गोळा करून परत आत घातलं.

पाद्री म्हणाले, "मॅरेड, मला हे कधी जमलं नाही."

"मग पुढचं प्रवचन तिला देऊ द्या," मॅरेड म्हणाली.

मॅरेडने तिला शिकवलं ते बदकांवर, गळ्यात लांब दोरी बांधून. डावीकडे जायची एक शीळ, उजवीकडची दुसरी, आणि लांबलचक शीळ म्हणजे जागच्या जागी बसायचं. डावं-उजवं फ्लॉसने चटकन उचललं. बसणं मात्र तिला पटेना. "पळायला कुणीही शिकवेल," मॅरेड ओढ्यापलीकडून ओरडून सांगायची. "गप्प बसवणं कठीण. नवऱ्याच्या बाबतीत हरले, हिच्या बाबतीत हरणार नाही!"

ती हरली नाही. पण तोंडी हुकूम तिने फ्लॉसला एकही शिकवला नाही. शब्द काय, कुणीही उच्चारील. शीळ आपली एकटीची, असा तिचा तोरा होता.

मग तिचे दात गेले आणि कवळी आली. शीळ घालायला गेली तर किटलीसारखी नुसती वाफ. कवळी काढून पाहिली, तर नुसती थुंकी. पत्र्याची शिट्टी विकत आणली, ती फ्लॉसने पळवून नेऊन बटाट्याच्या वाफ्यात पुरली.

आणि डोंगर खाली आणायचा दिवस जवळ आला होता. डोंगर सगळ्यांचा, त्याला कुंपण नाही. लोकर कातरण्याआधी सगळे मिळून एकाच दिवशी मेंढरं खाली आणतात, आणि प्रत्येक शेताची बाजू ठरलेली असते. हेंद्रेची बाजू कड्याची, तिच्या आजोबांपासूनची. शेजारचा तरुण शेतकरी रॉद्री त्या वर्षी सगळ्यांचा मुकादम झाला होता. त्याने नवी चारचाकी मोटारसायकल घेतली होती आणि तिच्यावरून तो क्वचितच उतरायचा.

"मावशी, यंदा तुम्ही खाली फाटकावर उभ्या राहा. चहाचंही बघा."

"फाटकावर खांब उभे असतात, रॉद्री. मी काय खांब दिसते?"

"कुत्री ऐकत नाही तुमचं. कड्यावरून मेंढरं पडली म्हणजे?"

"एक जरी पडलं तरी मरेपर्यंत तुमचा चहा मी करीन. आणि माझा चहा तू प्यायलायस."

मेंढरं खाली आणायच्या दिवशी वारा सुटला होता. गेथिनची बाजू कड्याच्या खालच्या अंगाला. त्याने वर पाहिलं तर फ्लॉस मेंढरांना वळसा घालून आली होती आणि हुकूम मिळेना म्हणून स्वतःच्या डोक्याने त्यांना थेट कड्याच्या टोकाकडे रेटत होती. मॅरेड हातवारे करत ओरडत होती. तिचा आवाज वारा भलतीकडेच नेत होता.

गेथिन इतकी वर्षं ती शीळ ऐकत आला होता आणि गाईंचं दूध काढताना हळूच घालूनही पाहायचा. गाई सोडून ते कुणाला माहीत नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. लाजेने त्याचे कान तापले. मग त्याने जीभ दाबली आणि लांबलचक शीळ घातली.

फ्लॉस मटकन बसली. मेंढरं थांबली. मॅरेडने खाली पाहिलं आणि काठी उजवीकडे उचलली. गेथिनने उजवीकडची शीळ घातली. काठी डावीकडे गेली, शीळ डावीकडची झाली. असं करत करत हेंद्रेची बाजू खाली उतरली, एकही मेंढरू न पडता.

"मावशी, कवळी बसली म्हणायची," रॉद्री म्हणाला.

"झकास बसली." कवळी तिच्या खिशात होती.

रॉद्री गेल्यावर ती गेथिनकडे वळली. "चोरा, माझी शीळ कधी उचललीस?"

"दूध काढताना."

"गाईंची काही तक्रार?"

"नाही अजून."

"माझी आहे. डावीकडची ढिली पडते. पुढच्या वर्षी पोटभर खाऊन ये."

पुढची बरीच वर्षं कड्याची बाजू अशीच उतरली: काठी तिची, शीळ त्याची. फ्लॉसला कळलं होतं, पण ती बोलली नाही. तिच्या मोडलेल्या लग्नाचं गेथिनने कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी मेंढरं खाली आली, तेव्हा मॅरेड फ्लॉसला पायाशी घेऊन दगडी कुंपणावर बसून धापा टाकत होती. त्याच आठवड्यात ती वारली; त्या कुंपणापाशी झालं तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

"बुधवारी बाजारात जाणारेस?" तिने विचारलं.

"जाईन."

"हिच्यासाठी जंताच्या गोळ्या आण. मागच्या हिने थुंकून टाकल्या."

"आणतो," गेथिन म्हणाला.