बहिणीच्या तोंडचा नकार

माझी नोकरीच नकाराची आहे. कार्यालयात आलेल्या अर्जांना उत्तरं लिहायची आणि त्यातल्या बहुतेकांना नाही म्हणायचं. त्यामुळे या शब्दांचे बारकावे मला चांगले ठाऊक आहेत. 'नामंजूर' म्हणजे शिक्का मारून दिलेला नकार. 'इन्कार' पुढारी करतात, तोही पेपरात. गुन्हा 'नाकबूल' करायचा तो आरोपीने. आणि हेलपाटे घालून वैतागलेला एखादा जाब विचारायला आलाच, तर साहेब कानावर हात ठेवतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. 'नको' मात्र आमच्या कार्यालयात कुणी लिहीत नाही. तो घरातला शब्द, आणि आमच्या घरात तो बायकांनी म्हणायचा.

बदलापूरजवळच्या आमच्या गावात बहिणी जमिनीत हिस्सा घेत नाहीत. घेत नाहीत म्हणजे काय, तर भाऊ कागद तयार करतो आणि चारचौघांत सांगतो, "तिनंच नको म्हटलं." आजोबांनी त्यांच्या बहिणींबद्दल हेच सांगितलं, वडिलांनी आत्यांबद्दल. आई आधीच गेली होती. वडील गेले आणि माझी पाळी आली. शेताला एक बिल्डर गिऱ्हाईक म्हणून मिळाला होता, सातबाऱ्यावर माझ्यासोबत बहिणीचं नाव लागलं होतं आणि सौदा दिवाळीआधी उरकायचा होता.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अंबरनाथला बुवापाड्यात राहते आणि उल्हासनगरच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे धागे घरी बसून कापते. मी फोनवर विचारलं, "बाय, तुना काय नको ना जमिनीतला?"

 ती "कवा येऊ?" एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

ठरल्या दिवशी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारातून आम्ही शेअर रिक्षाने नोंदणी कार्यालयात निघालो.  चहा विचारला, नको. वडापाव विचारला, नको. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, शब्द तोंडात बसलाय, आता काम होईल.

हक्कसोडपत्राचे कागद बिल्डरच्या एजंटाने पुढे सरकवले. फोटो झाला. यंत्रावर तिने अंगठा ठेवला, तर यंत्र घेईना. कात्रीने घासून घासून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. मागे रांग वाढत होती आणि एजंट सारखा घड्याळ बघत होता. तिसऱ्यांदाही नाही, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या निबंधक मॅडमनी मान वर केली.

"ताई, हा कागद कसला आहे, माहीत आहे ना? भावाच्या नावे हक्क सोडताय. स्वखुशीने?"

"हो हो, स्वखुशीने," मी म्हणालो.

"तुम्ही नाही. त्या बोलतील."

बहीण आपल्या अंगठ्याकडे बघत बसली. नखात जीन्सचा निळा रंग होता. तो कधीच पूर्ण निघत नाही.  मी तिच्या कानाशी पुटपुटलो, "हो म्हन ना, बाय." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "मना कोनी इचारलाच नाय."

"काय विचारलं नाही?"

"पायजे का म्हनून. नको ना, एवढाच इचारला."

रांगेतला एक बाप्या हसला. मॅडमनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले आणि आधी घरी बोलून घ्या म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मी भडकलो. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ओरडलो. चार लोकांत तोंडघशी पाडलंस, बापाचं नाव घालवलंस, जे तोंडाला येईल ते. शेवटी म्हणालो, "या वर्साला भाऊबीजेला येऊ नको."

तिचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही.

"ह्याच भीतीनं फोनवर गप ऱ्हायले," ती म्हणाली. "आत्यापन ह्याच भीतीनं गप ऱ्हायल्या. आता तू बोललास, झाला. आता नीट इचार."

एजंट लांबून हाका मारत होता. मी विचारलं ते नुसतं तिचं तोंड बंद करायला. "पायजे का तुना?"

"पायजे."

 जमीन द्यायची नसेल तर आता तसं मलाच म्हणावं लागणार होतं, तिच्या तोंडावर. वडिलांवर ही वेळ कधी आलीच नाही. आजोबांवरही नाही. त्यांच्या बहिणींनी गप्प राहून, तोंडी घातलेला नकार सोसून भावांचा वाईटपणा वाचवला होता, आणि तीन पिढ्या आम्ही त्याला प्रेम म्हणत आलो. मला स्वतःची लाज वाटली. रागही गेला नव्हता, तेही सांगतो.

"अर्धी?" मी विचारलं.

"अर्धी," ती म्हणाली, आणि मी हो म्हणेपर्यंत जागची हलली नाही.