आकडा सापडल्याशिवाय

सुदाम मिस्त्री बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत चुन्याची एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट ढिला पडला की रेघ मोडलेली दिसायची. "अंदाजानं मीठ टाकतेत, बोल्ट नाई आवळत," हे त्यांचं रोजचं वाक्य. अकोल्याच्या आमच्या सरकारी वर्कशॉपात मी स्टोअरकीपर होतो, आणि त्यांना हसणाऱ्यांत मीही होतो.

साठ सालच्या आसपास लढाईतला एक जुना ट्रक आमच्याकडे आला. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी त्याची ट्रान्सफर केस नावाची पेटी मिस्त्रींनी उघडली, दुरुस्त केली आणि हात पुसून बसले. बोल्ट किती आवळायचे, ते पान ट्रकच्या दुरुस्तीच्या पुस्तकातून फाटलेलं होतं.

फोरमन तापले. "ट्रक आज बार्शीटाकळीले जायचा हाय. आवळ दणकून!"

"आकडा भेटल्याबिगर मी पाना नाई लावत, साहेब. पेटी अल्युमिनची हाय, आटे जातीन."

"नोकरी जाईन तुई! हे लेखी देशील?"

फोरमनना वाटलं, याला कुठलं लिहिता येतंय, आता मिस्त्री मुकाट्यानं उठेल. पण छप्पन साली दीक्षा घेतल्यावर हा माणूस चाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवून आला होता. माझ्याकडून कागद घेऊन त्यांनी सावकाश लिहिलं : 'आकडा नाही, म्हणून आवळले नाही.' खाली सही. 

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते एसटीनं अमरावतीला गेले. तिथल्या वर्कशॉपात तेच पुस्तक होतं. कारकुनानं आकडा सांगितला, तर यांनी विचारलं, "लोखंडी पेटीचा का अल्युमिनचा?" निघाला लोखंडीचा. पान उलटायला लावून ते बरोबरचा आकडा घेऊनच परतले. इकडे फोरमननं दुसऱ्याकडून बोल्ट दणकून आवळून घेतले होते. दोन भोकांचे आटे गेले होते आणि तेल गळत होतं.

मिस्त्रींनी नवे आटे पाडले, काट्याच्या पान्यानं मोजून बोल्ट आवळले, रेघा ओढल्या. ट्रक गेला. बक्षीस म्हणून महिन्याभरात मिस्त्रींची बदली झाली. कारण काय, तर हुकूम मोडला! जाताना त्यांनी भिंतीवर पांढऱ्या रंगानं तो आकडा ठळक लिहिला.

"कशाला डिवचता त्यांना?" मी म्हटलं.

"मी चाललो. आकडा काहून जाईन?"

ते गेले त्याच दिवशी फोरमननं माझ्या हातात घासलेट आणि चिंधी दिली. "पूस ते."

मला दोन पोरी होत्या, भाड्याची खोली होती. तरी मी चिंधी खाली ठेवली.

"लेखी देशील?" ते ओरडले.

कागद माझ्याच स्टोअरमधला होता.  मी लिहिलं : 'आकडा बरोबर आहे, म्हणून पुसला नाही.'