पेल्मेटमागचा पोपटी पट्टा

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीवर पेल्मेट होतं, म्हणजे पडद्याचा दांडा झाकणारी लाकडी पेटी. घराचं काम काढलं तेव्हा हे जुनाट प्रकरण आधी उतरवायचं, असा हट्ट मीच धरला. बायको म्हणाली, "राहू दे रे, तुझ्याकडे खायला मागतंय का ते?"

रंगावरून आमचं आधीच वाजलं होतं. तिला रंगारी हवा होता आणि मला माझा ब्रश. दर दोन-तीन दिवाळ्यांनी घर मीच रंगवतो आणि एक इंचही सोडत नाही, हे मी पाहुण्यांनाही ऐकवत आलोय.

सुताराने चार स्क्रू काढले आणि पेल्मेट खाली आलं. मागे बिल्डरने दिलेला पोपटी रंग खिडकीभर लांब तसाच बसला होता. ते चार स्क्रू काढायचा मी दर वेळी कंटाळा केला होता.

"एक इंच म्हणालास ना?" बायकोने विचारलं.

"मुद्दाम ठेवलाय," मी बेधडक म्हणालो, "मूळ रंगाचा नमुना म्हणून."

"झकास! मग नमुना तू सांभाळ, भिंती रंगारी बघेल."

सुतार मान खाली घालून स्क्रू मोजत राहिला. चारच तर होते.