हात वर केला तेव्हा

मी आणि माझी मोठी जाऊ एकाच दिवशी राहनाळच्या गोदामात कामाला लागलो. काम एकच: खोक्यांना टेप मारायची, स्टिकर चिकटवायचे. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारत बसायच्या, आम्ही मात्र माल उचलणारी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या भैयाच्या मागे लागायचो, "भैया, आम्हाला पण शिकवा ना." आधी तो हसला, मग आमच्या चिकाटीला कंटाळून शिकवायला लागला.

गाडीचे लोखंडी काटे माल रचलेल्या लाकडी पॅलेटखाली नेमके घालणं दिसतं तेवढं सोपं नाही. माझं रोज काहीतरी धडकायचं. जाऊबाईंचा हात मात्र असा बसला की भैया म्हणायचा, "भाभी, आप तो मेरी नौकरी खा जाओगी."

एके दिवशी भैया तापाने फणफणला आणि आलाच नाही. बाहेर कंटेनरवाले हॉर्न वाजवतायत, आत मॅनेजर फोनवर फोन लावतोय. शेवटी तो ओरडला, "कोणाला चालवता येते का ही?"

मी हात वर केला. जाऊबाई त्या दिवशी भावाच्या हळदीला माहेरी गेल्या होत्या.

पहिलं पॅलेट उचलताना काटे दोनदा धडकले. संध्याकाळी शेवटचं उतरवताना मी चक्क गाणं गुणगुणत होते. मॅनेजरने मला रीतसर ट्रेनिंगला पाठवलं आणि मी ऑपरेटर झाले.

जाऊबाईंना हे मीच सांगितलं. "म्हंजे मी तिकडं नाचत व्हते आनि तू इकडं गाडी पटकावलीस!" म्हणत त्या खळखळून हसल्या. पण नंतरचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला ते समजत होतं. मी शिकले नसते तर माझा हात वर गेला नसता, हे खरं. पण त्या हजर असत्या तर माझ्या आधी त्यांचाच गेला असता, हेही तितकंच खरं.

मग मी मॅनेजरचं डोकं खायला लागले, "सर, माझी जाऊ माझ्यापेक्षा भारी चालवते." तो "बघू" म्हणायचा. दुसरी फोर्कलिफ्ट आली तेव्हा त्याने एकदाचं त्यांना बसवलं. जाऊबाईंनी सगळ्यात वरच्या रॅकवर पॅलेट असं अलगद ठेवलं की पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता कंटेनर आधी कोण रिकामा करतं यावरून आमची चढाओढ चालते. बहुतेक वेळा त्याच जिंकतात.